जावयाच्या हाताचं डांबर

उन्हाळा सूर्यामुळे येतो, असं भूगोलाच्या पुस्तकात लिहिलंय. लिहोत बापडे. आमच्या परळीच्या घरात उन्हाळा दाजींमुळे यायचा. युसूफ वडगावहून ते एसटीनं यायचे. एका हातात पान्यांची पिशवी, दुसऱ्या हातात डांबराचा डबा. ते उंबऱ्याच्या आत आले की मगच आमच्या घरातल्या माणसांना घाम फुटायचा. त्याआधी कितीही तापलेलं असो, अंगाची काहिली झालेली असो, आई पदरानं वारा घेत म्हणायची, "अजून जावई कुठं आलेत? लागायचाय उन्हाळा."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. आता सासुरवाडीला आलेला जावई काय करतो, हे सगळ्या मराठवाड्याला ठाऊक आहे. तो पलंगावर बसतो. सुपारी कातरतो. सासूबाईंनी चौथी पोळी वाढली की हात आडवा धरतो आणि खातो. जावयाला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू द्यायचा नाही, असा आमच्याकडचा कायदा आहे. दाजींनी तो लग्नानंतरच्या पहिल्याच चैत्रात मोडला. पलंगावर बसल्या बसल्या त्यांना खिडकीतला आमचा लोखंडी कूलर दिसला. बदली होऊन गेलेल्या एका साहेबांचा तो जुना कूलर वडिलांनी मोठ्या हौसेनं घेतलेला होता आणि हवेपेक्षा आवाज जास्त द्यायचा. दाजींनी सुपारी खाली ठेवली, उठले, बोटाच्या पेरानं पत्रा वाजवून पाहिला, कान लावला आणि म्हणाले, "बापू, ह्याला लई त्रास हाय." बापू म्हणजे मी. तासाभरात पाहुणे बनियनवर आले होते आणि कूलर अंगणात पोट उघडून पडला होता. आई माजघरात डोक्याला हात लावून बसली. जावयाच्या हाताला डांबर लागलेलं तिनं सात पिढ्यांत ऐकलेलं नव्हतं.

त्यानंतर दरवर्षी हा सोहळा झाला. रंगपंचमीचा रंग नखांतून निघायच्या आत दाजी हजर. एसटीत डांबराचा डबा मांडीवर घेऊन बसायचे. एकदा कंडक्टर म्हणाला, डबा खाली ठेवा, सांडला तर लोकांचे कपडे जातील. दाजींनी शांतपणे विचारलं, "तुमी सासुरवाडीला जाताना पेढ्याचा पुडा पायाखाली ठिवता का?" कंडक्टरनं केजपासून अंबाजोगाईपर्यंत त्यावर विचार केला म्हणतात.

आल्या आल्या ते चहा घ्यायचे नाहीत. आधी कूलर. हिवाळाभर आईनं त्यात काय काय साठवलेलं असायचं, त्याचा पंचनामा व्हायचा. एकदा कांदे निघाले. दाजी बराच वेळ कांद्यांकडं बघत राहिले आणि मग आईला ऐकू जाईल इतपतच आवाजात म्हणाले, "असू दे. औंदा वाऱ्याला भज्याचा वास येईल, एवढंच." मग बाजूच्या जाळ्या निघायच्या. जुन्या गवतावर आमच्या बोरच्या पाण्यानं पांढरा खडक चढलेला असायचा. दाजी त्याचा खडा मोडून जिभेवर ठेवायचे. मी डोळ्यांनी पाहिलंय. डोळे मिटून चघळायचे आणि निकाल द्यायचे, "पाणी जड झालंय. गेल्या साली बरं हुतं." नवीन गवत भरायला लागले की कुणी मदत करायची नाही. चिमटीचिमटीनं पिंजून भरायचे, उजेडासमोर धरून पाहायचे, पुन्हा काढायचे. "वारा चोर असतो बापू," ते सांगायचे, "पातळ जागा हुडकून तितूनच पळतो. गार व्हायला उभाच राहत न्हाई." नळीची बुजलेली भोकं ते आईच्या गोधडीच्या दाभणानं मोकळी करायचे. मग तीन दगडांच्या चुलीवर डांबर पातळ व्हायचं आणि टाकीच्या आत हात घालघालून ते लिंपायचे. कोपरापर्यंत काळे झालेले दाजी मग शेवटची परीक्षा घ्यायचे. वीज लावून पत्र्याला उलट्या हाताचा स्पर्श करायचे. "सरळ हातानं धरलं अन् करंट असला तर हात सुटत न्हाई. उलटा झटकला जातो." एकदा खरोखरच झटकला गेला. दाजी दोन पावलं मागं जाऊन मटकन बसले आणि पहिलं वाक्य बोलले, "बघा, म्हणून मी आधी हात लावतो."

गंमत म्हणजे या माणसाच्या स्वतःच्या घरी कूलर नव्हता. वडगावात बाजारपेठेच्या टोकाला त्यांचं किराणा दुकान. दोन तराजू, एक आरसा, गुळाच्या ढेपेवर हक्कानं बसलेल्या माशा. मी विचारलं तर म्हणाले, "आमच्याकडं लाईट हाय कुठं? कूलर आणून त्याला हळदकुंकू वाहू का?" तो काळही मोठा विचित्र होता. आमच्या गल्लीत केबल आली होती, कोपऱ्यावर एसटीडीचं बूथ झालं होतं, टीव्हीवर प्लॅस्टिकच्या देखण्या कूलरांसमोर बायका केस उडवत उभ्या राहायच्या. दाजी ती जाहिरात मान तिरकी करून बघायचे. "गवत किती पातळ भरलंय बघ," एवढंच म्हणायचे. बाईकडं त्यांचं लक्ष गेलेलं मी पाहिलं नाही.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. आमच्या आईच्या पिढीत सासू जावयासमोर बसत नसे. कूलर सुरू झाला की पहिला वारा घ्यायचा मान कुणाचा, असा प्रश्न यायचा. दाजी म्हणायचे, मामींचा. मामी, म्हणजे आमची आई, तर डोक्यावरून पदर ओढून माजघराच्या दाराआड. मग दाजी तो अवजड कूलर एकटे ढकलत, चार बोटं इकडं, दोन बोटं तिकडं करत, दाराच्या फटीतून वारा नेमका आत जाईल असा लावायचे आणि स्वतः पाठ फिरवून अंगणात जाऊन बसायचे. आतून आईचा पदर हललेला दिसायचा. इतकी अदब मी पुढं कुणात पाहिली नाही, आणि माझ्यात तर ती मुळीच नव्हती, हे सांगण्यासाठीच हा सगळा प्रपंच.

वडील गेल्यावर घराचा कर्ता मी झालो. बँकेत कारकून होतो, पण चालण्यात मॅनेजरचा डौल होता. धाकट्या बहिणीसाठी स्थळं बघत होतो. एक स्थळ लातूरकडचं आलं. वडील आडत व्यापारी, मुलगा पुण्यात कंप्यूटरच्या कंपनीत. असं स्थळ आमच्या घराण्यात कधी फिरकलं नव्हतं. धाकटीनं फोटो पाहिला आणि तो परत पाकिटात ठेवायला विसरली, त्यावरून आम्ही काय ते समजलो. तर ते हातचं जाऊ नये म्हणून मी मध्यस्थाकडं आमच्या घराची जी माहिती दिली, तिच्यात थोडी हवा भरली. त्यातलंच एक वाक्य होतं: थोरले जावई युसूफ वडगावचे मोठे व्यापारी आहेत. दाजी आल्यावर त्यांच्याही कानावर ते घालून ठेवलं होतं.

ते लोक मंगळवारी येणार होते. आले आधीच्या रविवारी, अकरा वाजता. एका लग्नाला चालले होते, म्हणे वाटेतच आहे तर उरकून घेऊ. गल्लीच्या तोंडाशी पांढरी गाडी थांबली तेव्हा अंगणात चूल पेटलेली, गवताचा ढीग पडलेला, आणि आमचे मोठे व्यापारी फाटक्या बनियनवर, लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून, अर्धे कूलरच्या टाकीत. नाकावरसुद्धा डांबर. मुलाचे वडील गृहस्थ चांगले होते. घाम पुसत आत आले, थांबले, सहज म्हणून विचारलं, "हे कोण?"

आणि मी म्हणालो, "कूलरवाला आहे."

विचार करून म्हणालो असतो तर निदान धूर्त तरी ठरलो असतो. पण तोंडातून तेच आलं, जिभेवर ठेवलेलं असावं तसं. दाजी तीन हातांवर होते. त्यांनी टाकीतून डोकं बाहेर काढलं. माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, संपलं. हा माणूस आता हात पुसत पुढं येईल आणि हसून सांगेल, काय रं बापू, चेष्टा करतो का. मी तसं व्हावं म्हणून आणि तसं होऊ नये म्हणून, दोन्ही नवस एकदम बोललो. दाजी म्हणाले, "साहेब, गवत नवीन भरू का जुनंच ऱ्हाऊ द्यायचं?"

जन्मात त्यांनी मला साहेब म्हटलं नव्हतं. "नवीन भरा," मी म्हणालो. आवाजही बरा निघाला.

पुढचा तासभर मी बैठकीत बसून मुलाच्या शिक्षणाविषयी ऐकत होतो आणि डोळा अंगणात होता. दाजींनी कूलर जोडला, खिडकीत बसवला, सुरू केला. असा गार, सारखा वारा आला की मुलाच्या वडिलांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "कारागीर चांगला धरलाय तुम्ही," ते म्हणाले आणि दाजींना दारात बोलावून घेऊन गवताविषयी, पंपाविषयी बारीक बारीक विचारलं. ते गादीवर बसलेले, दाजी उंबऱ्याबाहेर उभे. "कुठले तुम्ही?" त्यांनी विचारलं. दाजी म्हणाले, "हितलाच." माझ्या एका शब्दापायी त्या माणसानं स्वतःचं गावसुद्धा टाकलं.

चहा आला. धाकटीनं ट्रे बाहेर आणला, पाहुण्यांना कपबशा दिल्या, एक कप उचलून दाजींकडं निघाली. मी डोळ्यानं खुणावलं. पोर जागीच थबकली. आत गेली, आणि स्टीलच्या पेल्यात ओतलेला चहा तिनं पायरीवर नेऊन ठेवला. दाजी पायरीवर बसून तो प्यायले. नंतर पेला विसळला, पालथा घातला. कारागीर तसंच करतात. माजघराच्या दाराआड आई उभी होती, तिला हे सगळं दिसत होतं.

पाहुणे गेले. दाजी अंगणात रॉकेलनं हात धूत बसले होते. मी जवळ गेलो. तेच बोलले. "जमंल सोयरीक. माणूस चांगला हाय. गवताचं किती बारीक इचारलं त्येनं." मी म्हणालो, "दाजी, मला तसं म्हणायचं नव्हतं." ते म्हणाले, "मग काय म्हणायचं हुतं? नाकाला डांबर लागलेला मोठा व्यापारी मी तरी कुठं बघितलाय?" आणि हसले. लाजेनं जळालो मी. आईनं रात्री जेवण वाढलं, ताट समोर सरकवलं आणि म्हणाली, "जावयाला पायरीवर चहा पाजलास." पुढचे चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. बोलायला हवं होतं. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सोयरीक जमली. वैशाखात लग्न ठरलं. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की आता खरी पंचाईत आहे. थोरल्या जावयाला मांडवात बोलावून सगळ्यांसमोर फेटा बांधतात, दोन्हीकडच्या व्याह्या-जावयांच्या गळाभेटी होतात. माईकवरून नाव पुकारलं जातं. कूलरवाल्याला फेटा बांधलेला बघून व्याही काय म्हणतील? खरं सांगून टाकावं असं मी रोज सकाळी ठरवत होतो आणि संध्याकाळपर्यंत पुढं ढकलत होतो. दाजींनी तोही प्रश्न माझ्या आधी सोडवला. लग्नाच्या दिवशी पहाटे आले ते जुन्याच कपड्यांत. "बापू, मांडवात चार कूलर भाड्यानं आणलेत. त्यांच्यापाशी जाणता माणूस लागंल," म्हणाले. मी नको म्हणायला पाहिजे होतं. मी म्हणालो, "पाण्याची टाकी मागं आहे."

माईकवर थोरल्या जावयाचं नाव पुकारलं. व्याह्यांनी इकडंतिकडं पाहिलं. मी पुढं होऊन सांगितलं, "त्यांना बरं नाही. येऊ शकले नाहीत." आक्का एकटी उठली आणि नवऱ्याचा फेटा नारळासकट ओटीत घेऊन आली. माझ्याकडं तिनं पाहिलं नाही. बरं नसलेला माणूस दहा हातांवर बादलीनं पाणी ओतत होता, आणि त्या भर वैशाखात अख्ख्या मांडवाला गार वारा लागत होता. जेवताना लोक म्हणाले, व्यवस्था उत्तम हो.

त्यानंतरही दाजी दरवर्षी आले. पिशवी तीच, डबा तोच. फक्त फाटकाशी थांबायचे. आत पाऊल टाकायच्या आधी बाहेरूनच हाळी द्यायचे, "कुणी पाव्हणं हाय का?" रागानं नाही, टोमण्यानं तर नाहीच. सरळ चौकशी. मी म्हणायचो, "कुणी नाही, या दाजी." मग ते चपला काढायचे. तीन वर्षं मी हे ऐकलं. त्या प्रश्नानं मला जितका चटका दिला तितका आमच्या कूलरनं कुणाला दिला नसेल.

चौथ्या वर्षी ठरवलं, आता बास. दाजी येणार त्याच रविवारी व्याह्यांना मुद्दाम जेवायला बोलावलं. दोघं समोरासमोर आले की सांगून टाकायचं, मग होईल ते होईल. धाकटीच्या संसाराला आता त्यानं धक्का पोचणार नव्हता. व्याही आणि विहीणबाई आले, बसले, उकडायला लागलं. कूलर खिडकीत कोरडाच. बारा वाजले, दाजींचा पत्ता नाही. शेवटी आई आतून म्हणाली, "फाटकाशी येऊन गेले ते. दारातल्या चपला बघितल्या अन् मागं फिरले."

मी तसाच अनवाणी धावलो. पिठाच्या गिरणीच्या बाजूला कडुनिंबाखाली दगडावर दाजी बसले होते, पिशवी पायाशी. मला बघून म्हणाले, "गेले का पाव्हणं?"

"नाही. चला घरात."

"मग जेवू दे त्यांना निवांत. मला काय घाई न्हाई."

"दाजी, मी त्यांना सांगणार आहे आज. चला तुम्ही."

"काय सांगायचं असतं त्यात," ते म्हणाले आणि डब्याचं झाकण घट्ट करायला लागले. ते उठेनात. मग मीही त्या दगडावर बसलो. इतक्यात मला शोधत व्याहीच गल्लीत आले. त्यांनी आम्हाला दोघांना एका दगडावर बसलेलं पाहिलं, चेहरा ओळखला. "अरे, हे तर आपले कूलरवाले."

मी उभा राहिलो. "हे आमचे थोरले दाजी आहेत," मी म्हणालो. "युसूफ वडगावचे. त्या दिवशी मी तुम्हाला..."

पुढचं वाक्य माझ्या तोंडातच होतं. दाजींनी ते होऊच दिलं नाही. हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "माफी मागायची ती मीच मागतो, व्याही. दुकान बसलं हुतं मधी. म्हणून लोकांचे कूलर दुरुस्त करीत फिरत हुतो. सोयऱ्यांत कळलं असतं तर माझी लई शोभा झाली असती. बापूनं तुमाला कळू दिलं न्हाई. माझी लाज राखली त्यानं."

दुकान एक दिवससुद्धा बसलं नव्हतं. व्याह्यांचे डोळे भरून आले. आधी त्यांनी दाजींना मिठी मारली, चार वर्षांपूर्वी मांडवात राहिलेली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मेव्हणा असावा तर असा," म्हणाले. आणि मी, ज्याच्या तोंडात चार वर्षं ते वाक्य तयार होतं, मान खाली घालून उभा राहिलो. व्याह्यांना तो माझा विनय वाटला.

दुपारी दाजींनी कूलर तयार केला. व्याही शेजारी पाट घेऊन बसले होते आणि गवत हातात देत होते. आतापर्यंत दाजींनी ते काम कुणाला करू दिलं नव्हतं.

आता दाजी थकलेत. दुकान मुलगा बघतो. आमच्याकडं प्लॅस्टिकचा कूलर आला, त्याला डांबर लागत नाही, आणि कसलीच डागडुजी लागत नाही म्हणून कुणी येतही नाही. फाल्गुन सरला की घर उगाच मोठं वाटतं. व्याही अजूनही चार माणसांत माझं उदाहरण देतात. मी ऐकतो आणि विषय बदलतो. समोर बसून सांगायची छाती अजून झालेली नाही, म्हणून हे लिहून काढलं. व्याह्यांना वाचनाची आवड आहे, त्यांच्या हाती हे पडेलच. पडू दे. फक्त त्याआधी दाजींच्या कानावर जाऊ नये. गेलं, तर ते या वयातही वडगावहून पहिल्या एसटीनं व्याह्यांकडं जातील आणि काहीतरी सांगून मला पुन्हा सोडवून आणतील.